मागून आलेली विद्या

इ. स. ११२च्या सुमारास, काळ्या समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या बिथिनिया-पाँटस या रोमन प्रांतावर प्लिनी नावाचा सुभेदार होता. ख्रिस्ती म्हणवणाऱ्या लोकांचं करायचं काय, हे त्याला कळेना, म्हणून त्याने सम्राट ट्राजनला पत्र लिहून विचारलं. त्या पत्रात त्याच्या चौकशीचा गोषवारा आहे. हे लोक ठरलेल्या दिवशी उजाडायच्या आत जमतात, ख्रिस्ताला उद्देशून, जणू तो देवच आहे अशा रीतीने, आळीपाळीने स्तोत्र म्हणतात, चोरी-व्यभिचार न करण्याची शपथ घेतात आणि नंतर पुन्हा एकत्र येऊन साधंसुधं जेवतात. आणखी काही बाहेर पडतं का हे पाहायला त्याने मंडळीतल्या दोन सेविकांचा, ज्या दासीच होत्या, छळही केला. हाती लागली ती त्याच्या मते एक अवाजवी अंधश्रद्धा.

प्लिनी कायदा जाणणारा, हुशार माणूस होता. पण त्याने स्वतःच टिपलेल्या गोष्टीतली खरी अडचण त्याला दिसली नाही, आणि त्या दासींनाही ती समजावून सांगता आली नसती. यहुदी परंपरेतून आलेला एकच देव हे लोक मानत होते. रोमच्या देवांपुढे धूप जाळायला ते नकार देत ते त्याच हट्टापायी. आणि तेच लोक पिलाताच्या हुकमाने क्रुसावर मारल्या गेलेल्या एका माणसाला उद्देशून पहाटे गात होते. ही सवय नवी नव्हती. पौलाने पहिल्या शतकाच्या पन्नाशीत करिंथच्या मंडळीला ग्रीकमध्ये जे पत्र लिहिलं, त्याच्या शेवटी अचानक अरामी भाषेतली एक हाक येते: ‘मारानाथा’, म्हणजे ‘प्रभो, ये’. ग्रीक वाचकांसाठी तिचा उलगडा करायची पौलाला गरज वाटली नाही. ती त्यांच्या तोंडात आधीच बसलेली होती. येशूला ‘प्रभू’ म्हणून हाक मारणं निदान इतकं जुनं आहे. त्या हाकेचा पक्का अर्थ काय, हे ठरायला मात्र पुढे तीन शतकं लागली.

ख्रिस्ती ईश्वरविज्ञान, ज्याला सेमिनरीत सरसकट थिऑलॉजी म्हणतात, ते या अंतरात वाढलं. ते प्रार्थनेच्या मागून आलं. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण छापलं तेव्हा लोक शेकडो वर्षं मराठी बोलत होते, आणि ज्ञानेश्वरांचं त्यावाचून काही अडलं नव्हतं. व्याकरण भाषा घडवत नाही. पण आपण काय बोलून जातो याची जाणीव ते देतं, आणि एकाच वाक्याचे दोन अर्थ लावून माणसं भांडू लागली की त्यावाचून निभत नाही. फरक एवढाच की व्याकरणापायी कुणी हद्दपार झाल्याचं ऐकिवात नाही.

पहिलं मोठं भांडण अलेक्झांड्रियात लागलं. ३१८च्या सुमारास एरियस या धर्मगुरूने सांगायला सुरुवात केली की पुत्र श्रेष्ठ खरा, सगळ्या सृष्टीच्या आधीचा खरा, पण अखेर निर्माण केलेला. एरियस कुणी खलपुरुष नव्हता. देवाचं एकपण त्याला राखायचं होतं, आणि त्याची मांडणी समजायला सोपी होती. शिवाय तो ती पद्यात बांधत असे. खलाशी, दळणारे, वाटसरू यांच्यासाठी त्याने गाणी केल्याची नोंद आहे. ३२५ साली सम्राट कॉन्स्टंटाइनने निकीयाला बिशपांची परिषद भरवली आणि तिथे पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे असं ठरलं. ठरलं ते कागदावर. पुढची पन्नास-साठ वर्षं सम्राट बदलला की वारं बदले, आणि निकीयाची बाजू लढवणारा अथनासियस पाच वेळा हद्दपार झाला.

अथनासियसचे ग्रंथ वाचणारे बहुधा ‘तत्त्व’ या कल्पनेभोवतीच घुटमळतात. मला त्याचा दुसरा, साधा मुद्दा जास्त निर्णायक वाटतो. तो विरोधकांना विचारतो: तुम्ही पुत्राच्या नावाने बाप्तिस्मा देता की नाही? त्याला नमन करता की नाही? करत असाल, आणि तो निर्मिलेला असेल, तर तुम्ही निर्मिलेल्या वस्तूची पूजा करता. मग ज्या मूर्तिपूजकांना तुम्ही नावं ठेवता त्यांच्यात आणि तुमच्यात फरक कोणता? एरियसवाद्यांपुढे दोनच वाटा होत्या, उपासना बदला नाहीतर सिद्धान्त बदला. त्यांना दोन्ही जसंच्या तसं ठेवायचं होतं. अथनासियस मंडळीला काही नवं सांगत नव्हता. रोज सकाळी तुमच्या तोंडून जे निघतं त्याचा हिशेब लावा, एवढंच त्याचं म्हणणं.

हीच गोष्ट बेसिलच्या बाबतीत जास्त उघड दिसते. तो कप्पदुकियातल्या कैसरियाचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या कायसेरीचा बिशप. देवाचं गौरवगान करताना त्याच्या मंडळीत दोन पाठ चालत. एकात पित्याचा गौरव पुत्राच्या ‘द्वारे’ पवित्र आत्म्या‘मध्ये’ होई. दुसऱ्यात पुत्रा‘सह’ आणि पवित्र आत्म्या‘सहित’. दुसरा पाठ काहींच्या कानाला खटकला. नवीनच काही घुसडतो म्हणून त्यांनी बेसिलवर ठपका ठेवला. त्याला उत्तर म्हणून त्याने ३७५च्या सुमारास पवित्र आत्म्यावर एक अख्खा ग्रंथ लिहिला. शब्दयोगी अव्ययांवर एवढा खल! हसू येतं खरं. पण ‘द्वारे’ म्हटलं की पुत्र माध्यम होतो, साधन होतो, आणि साधन कर्त्यापेक्षा खालचं असतं असा विरोधकांचा युक्तिवाद होता. ‘सह’ म्हटलं की तो शेजारी बसतो. बेसिल शास्त्रातले दाखले काढून दोन्ही अव्ययं दोघांनाही लागतात हे दाखवतो, आणि मग लिखित पुराव्याच्या पलीकडे जातो. दिवेलागणीला लोक पिढ्यानपिढ्या जे उपकारस्तोत्र म्हणत आले, त्यात पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांची एकत्र स्तुती आहे. ते कुणी रचलं हे कुणालाच माहीत नाही, तो म्हणतो, पण ते म्हटल्याबद्दल आजवर कुणाला पाखंडी ठरवलं नाही. बिशपने एका अनामिक, घरोघरच्या संध्याकाळच्या गाण्याला साक्षीला बोलावलं.

या ग्रंथात बेसिल पवित्र आत्म्याला सरळ ‘देव’ असं कुठे म्हणत नाही. त्याच्या मित्रांनाही ते खुपत होतं. त्याला भांडण वाढवायचं नव्हतं हे एक कारण. पण त्याला ते पुरतही होतं, असं मला वाटतं. समान मान दिला जातो, एवढं मान्य झालं की बाकीचं आपोआप येतं. ३८१ साली कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने निकीयाच्या जुन्या मतांगीकारात पवित्र आत्म्याविषयी भर घातली तेव्हाही हेच झालं. ‘एकतत्त्व’ हा गाजलेला शब्द तिथे नाही. पित्याबरोबर आणि पुत्राबरोबर त्याचीही उपासना होते, असं म्हणून मतांगीकार पुढे जातो. आत्मा कोण, याचं उत्तर त्याच्यापुढे आपण काय करतो यावरून दिलेलं आहे.

सगळंच इतकं सात्त्विक नव्हतं. बेसिलचा भाऊ, निस्साचा ग्रेगरी, वैतागून सांगतो की राजधानीत पावाचा भाव विचारावा तर पाववाला पित्याचं थोरपण ऐकवतो आणि हमामखान्यातला नोकर पुत्र शून्यातून झाला म्हणतो. पुढे ४२८ साली कॉन्स्टँटिनोपलला आलेल्या नेस्तोरियस या बिशपने मरियेला ‘देवमाता’ म्हणणारी लोकांची प्रार्थना खोडून काढायला घेतली. ती प्रार्थना वाचवायला अलेक्झांड्रियाचा सिरिल धावला, आणि ४३१मध्ये इफिसच्या परिषदेत तो जिंकला. त्याचा युक्तिवाद भक्कम होता. दरबारात त्याने वाटलेल्या गालिच्यांची आणि हस्तिदंती आसनांची यादीही उपलब्ध आहे.

इथवर वाचून कुणाला वाटेल की प्रार्थना नेहमी बरोबर आणि विचार तिचा नुसता वकील. तसं असतं तर सोपं होतं. ऑगस्टीनचं उदाहरण त्याच्या आड येतं. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला पेलागियस आणि त्याच्या मताचे लोक म्हणत होते की माणूस जन्मतः निर्दोष असतो, पाप तो मागाहून करतो. ऑगस्टीनने मंडळीच्या रिवाजाकडे बोट दाखवलं. आपण तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देतो, आणि तोही पापक्षमेसाठी. तान्ह्याने काय पाप केलं? स्वतः काहीच नाही. म्हणजे ते आदामाकडून घेऊन आलं असलं पाहिजे. युक्तिवादाची घडण बेसिलचीच, रिवाजावरून सिद्धान्ताकडे जाणारी. पण निष्कर्ष अंगावर काटा आणणारा. बाप्तिस्म्याविना मेलेलं मूल देवाच्या राज्याबाहेर राहतं, शिक्षा सगळ्यांत सौम्य असली तरी शिक्षाच, असं ऑगस्टीनला म्हणावं लागलं. तर्काने तो बांधला गेला होता. मध्ययुगीन पंडितांनी त्यातून ‘लिम्बो’ची पळवाट काढली, जिथे दुःख नाही पण देवदर्शनही नाही. शतकानुशतकं कितीतरी आयांनी हे ऐकून घेतलं.

या कोड्यातली एक बाजू ऑगस्टीनचा पाठीराखा, अक्विटेनचा प्रॉस्पर, याने नकळत मांडून ठेवली होती. मंडळी सगळीकडे सगळ्यांसाठी, अविश्वासणाऱ्यांसाठीसुद्धा, विनवणी करते. तेव्हा त्या विनवणीच्या रीतीनेच श्रद्धेची रीत ठरावी, असं त्याचं सूत्र. सूत्र कृपेच्या वादात जन्मलं, पण त्याचा उपयोग फार उशिरा एका वेगळ्याच ठिकाणी झाला. १९७०च्या रोमन मिस्साग्रंथात बाप्तिस्म्याविना गेलेल्या बालकासाठी अंत्यविधीची मिस्सा घातली गेली. आता मंडळी त्या मुलासाठी वेदीपुढे प्रार्थना करू लागली. पुढे २००७ साली रोमच्या आंतरराष्ट्रीय ईश्वरविज्ञान आयोगाने या बालकांच्या तारणाची आशा बाळगायला आधार आहे असं मांडलं, तेव्हा दिलेल्या कारणांत हा नवा विधीही होता. एका विधीवरून दार बंद झालं होतं, दुसऱ्या विधीवरून ते किलकिलं झालं. मधली पंधराशे वर्षं विचार करणारे झोपले नव्हते. पण हाताशी प्रार्थनाच नव्हती, म्हणून त्यांचा विचार पुढे सरकत नव्हता.

मठांतून विद्यापीठांत गेल्यावर या विद्येचं रूप पालटलं, तरी क्रम पुरता मोडला नाही. नॉर्मंडीतल्या बेकच्या मठात अँसेल्मने १०७७-७८च्या सुमारास ‘प्रोस्लोगियन’ लिहिलं. ज्याहून थोर काही कल्पिता येत नाही तो देव असलाच पाहिजे, हा त्यातला युक्तिवाद तत्त्वज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत सुटा काढून छापतात आणि मग त्यातलं छिद्र दाखवतात. अँसेल्म तिथे वाचकाशी बोलतच नाही. पुस्तक देवाला उद्देशून आहे. पहिला अध्याय सगळा व्याकूळ आळवणीचा. ज्याला तो शोधतो त्याच्याशीच बोलता बोलता तो विचार करतो. गॉनिलो नावाच्या दुसऱ्या एका मठवाशाने ‘मूर्खाच्या वतीने’ त्याला खोडून काढणारं टिपण लिहिलं, तर अँसेल्मने उत्तर दिलंच, शिवाय यापुढे ग्रंथाच्या नकला करताना आक्षेप आणि उत्तर दोन्ही जोडावीत अशी व्यवस्था केली. आपल्याकडे पूर्वपक्ष मांडल्याशिवाय सिद्धान्ताला किंमत येत नाही, त्याच जातीची ही शिस्त.

थॉमस अक्वायनसने तिला कळसाला नेलं. तेराव्या शतकातल्या त्याच्या ‘सुम्मा’मध्ये प्रत्येक प्रश्नाची सुरुवात विरुद्ध बाजूने होते. ‘देव आहे का’ या कलमाच्या तोंडाशीच देव नसावा असं म्हणायला दोन कारणं दिलेली आहेत: जगात दुष्टाई आहे, आणि देवाला न आणताही निसर्गाचा उलगडा होतो. आजचा नास्तिक याहून वेगळं काय म्हणतो? ६ डिसेंबर १२७३ला मिस्सा चालू असताना थॉमसला काहीतरी झालं आणि त्याने लिहिणं थांबवलं. पाहिलेल्याच्या पुढे लिहिलेलं त्याला गवताच्या काडीसारखं वाटू लागलं. ही गोष्ट बुद्धीला हिणवायला वापरतात, ते मला पटत नाही. त्याने ग्रंथ जाळला नाही. आणि जिथून विचार निघाला होता तिथेच, मिस्सेत, तो थांबला, यात नवल कसलं?

मागून येणाऱ्यालाही पुढच्याला अडवावं लागतं. १५१७ साली पैसे मोजून पापक्षमापत्रं घेतली जात होती, मेलेल्या आईबापांच्या नावाने घेतली जात होती. ती लोकांची भक्तीच होती. विटेनबर्गच्या मार्टिन लूथर या प्राध्यापकाने पंचाण्णव कलमं काढली तेव्हा तो एका लोकप्रिय भक्तिप्रकाराला जाब विचारत होता. विसाव्या शतकात कार्ल बार्थने तेच केलं. ऑक्टोबर १९१४मध्ये ९३ जर्मन विद्वानांनी कैसरच्या युद्धाला पाठिंबा देणारं पत्रक काढलं, त्यात बार्थचे गुरू होते. ज्या विद्येचा शेवट या सह्यांत होतो तिच्यात मुळातच काही कुजलं असणार, असं स्वित्झर्लंडमधल्या साफेनविल गावच्या या तरुण पाळकाला वाटलं. पुढे मे १९३४मध्ये, नाझी झेंडे वेदीपाशी पोहोचले असताना, त्या घुसखोरीला विरोध करणाऱ्या बार्मेनच्या घोषणापत्राचा मसुदा त्यानेच केला; दोघे लूथरन सहकारी दुपारची झोप घेत असताना, कडक कॉफी आणि ब्राझिलियन सिगारच्या जोरावर, असं तो मिस्कीलपणे सांगे. त्या घोषणापत्रात यहुद्यांविषयी अवाक्षर नाही. त्याची खंत त्याने म्हातारपणी बोलून दाखवली. आणि पेरूमध्ये लिमाच्या गरीब वस्तीत काम करणाऱ्या गुस्ताव्हो गुतिएरेझने १९७१च्या ग्रंथात ईश्वरविज्ञान ही दुसरी पायरी, असं स्वच्छ लिहून टाकलं. पहिली पायरी प्रार्थना आणि गांजलेल्यांची बाजू घेणं.

महाराष्ट्रात आणि गोव्यात हा क्रम उलटा झाला. इथे उत्तरं जहाजातून आधी उतरली, आणि ज्या प्रश्नांची ती उत्तरं होती ते प्रश्न इथल्या कुणी विचारलेच नव्हते. फादर थॉमस स्टीफन्सच्या १६१६च्या ‘क्रिस्तपुराणा’त रविवारची धर्मशिकवण शिकलेला एक नवा ख्रिस्ती पाद्रीला म्हणतो की शिकवण मिळाली, पण आमची पूर्वीची पुराणं तर गेली, त्या जागी काही तरी द्या. पोर्तुगीज सत्तेने ती हिरावली होती, हे विसरता येत नाही. तरी त्या माणसाला काय कमी पडत होतं हे स्टीफन्सने ओळखलं आणि हजारो ओव्या रचल्या. लोक त्या देवळांत म्हणू लागले.

पंडिता रमाबाईंनी तर ही उलटापालट अंगावर घेतली. २९ सप्टेंबर १८८३ला इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि लगोलग त्रैक्यावरून तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डीनशी त्यांचा पत्रव्यवहार सुरू झाला. शास्त्रात जे उघड दिसत नाही ते चर्च सांगतं म्हणून मी का मानू, माझी सदसद्विवेकबुद्धी मी गहाण टाकलेली नाही, असा त्यांचा सूर. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरंच का, संस्कृत का नकोत, हेही त्यांनी विचारलं. सिस्टरना त्यात अहंकार दिसला. मला त्यात चौथं शतक दिसतं: अथनासियस आणि बेसिल ज्या मुक्कामाला तीन शतकांच्या गाण्या-भांडणांनंतर पोहोचले, तिथे या बाईला काही महिन्यांत सही करायला सांगितलं जात होतं.

नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि त्यांनी वाद कमी, अभंग जास्त केले. अहमदनगरच्या मंडळीत टाळ-मृदंगावर ख्रिस्ताची कीर्तनं झाली, आणि ती पदं ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहाच्या वाटेने घरोघरी गेली. टिळकांचा ख्रिस्त गुरू आहे, आणि माउली आहे. पुत्राला आई म्हणून मारलेली ही हाक निकीयाच्या चौकटीत कुठे बसवायची? विठोबाला माउली म्हणणाऱ्याची ती निव्वळ सवय म्हणून सोडून द्यायची, की पित्या-पुत्राच्या नात्याविषयी ती असं काही जाणते जे ग्रीक आणि लॅटिन मंडळींना सुचलं नव्हतं? गाणारे गातच आहेत. बेसिलसारखा कुणी एका ‘माउली’साठी ग्रंथ लिहायला बसला, तर त्याला साक्षीला बोलवायला लोक मिळतील.